पंचमीची स्प्रिंग

आमच्या घरात एका पंचमीला नागाऐवजी मोटारीच्या स्प्रिंगची पूजा झाली. पूजा करणाऱ्यांपैकी कोणीही वेडं नव्हतं. स्प्रिंग काढणाऱ्याबद्दल मात्र आजही दोन मतं आहेत. (एक माझं, दुसरं उरलेल्या सगळ्यांचं.)

मूळ कारण अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मानवतला दिलेली. दर पंचमीला तिला परभणीला माहेरी मीच घेऊन यायचं, हा आमच्या घरचा कायदा. गेल्या वर्षी येताना गाडी एका खड्ड्यात उतरली. वर जाताना अक्काचं डोकं छताला लागलं आणि खाली येताना कंबर गेली. पुढं दोन महिने ती कमरेला पट्टा बांधून फिरली आणि येईल-जाईल त्याला पट्ट्यावर हात ठेवून सांगत राहिली, "भावाची भेट हाय."

या वर्षी मी फोन केला.

"अक्का, पंचमीला न्यायला येतोय."

"कशात?"

"गाडीत. मग काय घोड्यावर?"

"घोड्यावर ये. त्याला निदान चार पाय तरी असतेत. तुझ्या गाडीत मी बसणार न्हाई."

"मग एसटीनं ये."

"भाऊ न्यायला आला तर येईन. एकटी पिशवी धरून यायला मी काय पाव्हणी हाय?"

फोन ठेवला. समोर आई बसली होती, ऐंशीची. ती रागावली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "मग पुरणाची दिंडं कुणासाठी उकडायची?"

त्या एका प्रश्नानं मी पेटलो. गाडीचे शॉकअप गेलेत, ते बदलायचे आणि अक्काला फुलासारखी आणायची! मी शाळेत विज्ञान शिकवतो. जितका जोर लावाल तितकी स्प्रिंग ताणली जाते, हा नियम मी सव्वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. (शाळेतली स्प्रिंग जुन्या पेनातून काढलेली आहे, ही गोष्ट मला त्या वेळी महत्त्वाची वाटली नाही.) नवे शॉकअप घरपोच मागवले. मोबाइलवर एका माणसानं पांढरा शर्ट घालून अकरा मिनिटांत शॉकअप बदललेले पाहिले. शर्टाला डाग नाही.

"त्याच्यामागं दहा मशिनी दिसायल्यात," माझी बायको सुनंदा खांद्यावरून बघत म्हणाली. "आपल्याकडं काय आहे?"

"इच्छाशक्ती."

"आणि पाना?"

पाना शेजाऱ्यांकडून आला. राहिले ते स्प्रिंग आवळून धरणारे क्लॅम्प. त्यासाठी मी खाजाभाईच्या गॅरेजात गेलो.

"गाडी लाये, सर?"

"गाडी कशाला? शॉकअप गेलेत, मला माहितीय. फक्त क्लॅम्प द्या."

"देखे बगैर?"

"विज्ञानाचा माणूस आहे मी, खाजाभाई."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं डॉक्टर स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढायला निघालेल्या पेशंटकडं बघेल. मग वर बोट केलं. गॅरेजच्या पत्र्याला एक भोक होतं.

"वो छेद दिखा? वहाँ से एक स्प्रिंग गयी. क्लॅम्प फिसला था."

"मग?"

"मग काय सर. तीन वर्षं झाली, अजून खाली आली नाही."

मी त्या भोकातून वर पाहिलं. एक ढग सावकाश सरकत होता. माझा नियम फळ्यावरून उठून त्या ढगाच्या पलीकडं निघून गेला होता. तरीही क्लॅम्प घेतलेच. गाडी पंचमीनंतर आणा, मी करून देतो, असं खाजाभाई म्हणाला, पण पंचमीनंतर अक्काला आणून काय उपयोग? निघताना त्यानं सल्ला दिला, "सर, तोंड बाजूला ठेवा. आणि वहिनींना सांगून करा."

तो पंचमीच्या आदला दिवस होता. या दिवशी आमच्याकडं बायका भावासाठी उपास धरतात. सुनंदाचाही होता, पण तिच्या भावासाठी. म्हणजे माझ्या जिवाच्या रक्षणासाठी आमच्या घरात कोणीच उपाशी नव्हतं. ती सगळी जबाबदारी एकट्या मानवतवर होती.

मी अंगणात गोणपाट अंथरलं. आई उंबऱ्यात येऊन बसली.

"उद्या पंचमी हाय. चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, खणायचं न्हाई, तवा ठेवायचा न्हाई."

"नट फिरवणं यात कुठं बसतं?"

आईनं खूप विचार केला. "आज फिरव. उद्या त्यालाबी इसावा."

म्हणजे माझ्याकडं सूर्य मावळेपर्यंतचा वेळ होता. पहिल्या नटावर मी पाना लावला, पान्यावर उभा राहिलो, उड्या मारल्या. काहीतरी फिरलं. तो माझा पाय होता. जेवणाच्या वेळेपर्यंत एक नट निघाला, चहापर्यंत बाकीचे, आणि शेवटी तो अख्खा शॉकअप स्प्रिंगसकट माझ्या मांडीवर आला. नाल ठोकायला पाडलेल्या बैलासारखी गाडी जॅक आणि दोन दगडांवर कलली होती.

आणि मी प्रथमच खरी स्प्रिंग पाहिली.

मनगटाएवढ्या जाडीची वाटावी अशी ती काळी तार, एकावर एक वेटोळी घालून, डोकं दाबून बसलेली. गाडीचं, माझं, सुनंदाचं, अक्काचं वजन तिनं वर्षानुवर्षं न बोलता उचललं होतं. मी क्लॅम्प लावले. एक आटा दिला. दुसरा दिला. आतून "कर्रर्र" असा आवाज आला आणि गंजाचा एक टवका उडून पाण्याच्या बादलीवर "टण्ण" वाजला.

बादलीला पोचा पडला.

आणि तो नुसता गंज होता!

सुनंदा हळूच म्हणाली, "अहो, हात काढा."

आई मात्र उठून जवळ आली, वाकली, त्या वेटोळ्याकडं बघत राहिली. "दत्ता, ह्याला सोडू नगंस. निवांत बसलंय, बसू दे."

मी मनातल्या मनात हात जोडूनच क्लॅम्प सैल केले. आता घरात एक न उघडलेली स्प्रिंग होती, दारात तीन पायांची गाडी, आणि मानवतला वाट बघणारी बहीण. भीतभीत फोन लावला.

"अक्का, उद्या जमत नाही. गाडीचा एक पाय काढलाय."

"कुणी?"

"मीच."

"तुला काही लागलं न्हाई ना?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पंचमीला सकाळी आईनं पाटावर नाग काढला. मग ताट घेऊन अंगणात आली आणि स्प्रिंगलाही हळदकुंकू लावलं, लाह्या वाहिल्या, दूध दाखवलं. मी म्हटलं, "आई, ते लोखंड आहे."

"जे चवताळू शकतंय, त्याच्या पाया पडावं. पड."

मी पडलो. इतक्या मनापासून मी देवळातही कधी पडलो नव्हतो.

डोकं वर केलं तर फाटकात अक्का उभी. हातात पिशवी, एकटी, एसटीनं आलेली.

"अक्का, तू तर..."

"न्यायला येणारा जित्ता हाय का, ते बघायला आले," अक्का म्हणाली. तिनं स्प्रिंगवरच्या लाह्या पाहिल्या, माझ्या कपाळाची माती पाहिली आणि काही न विचारता गाडीकडं गेली. तिच्या घरी दोन ट्रॅक्टर आहेत. तिनं उरलेल्यांपैकी एका चाकावर अंगठा दाबला. मग बुक्की मारली. मग हात झटकला.

"ह्यात हवा किती भरतोस रे?"

"पन्नास," मी अभिमानानं म्हटलं. "जास्त हवा असली की पेट्रोल कमी लागतं."

"कुणी सांगितलं?"

"विज्ञान."

सुनंदानं गाडीचं दार उघडलं. आतल्या बाजूला कंपनीनं चिकटवलेला कागद होता. दहा वर्षांत तो मी वाचला नव्हता. त्यावर लिहिलं होतं, तेहतीस.

"चाकं न्हाईत ही, दगडं हायेत," अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली. "स्प्रिंग बिचारी काय करंल?"

दुसऱ्या दिवशी खाजाभाई आला. त्यानं हळदकुंकू लावलेला जुना शॉकअप दाबून पाहिला, "एकदम चंगा है," म्हणत चहा निवायच्या आत परत बसवला आणि चारही चाकांतली जास्तीची हवा सोडली. त्या "फुस्स" आवाजाइतकं नेमकं माझं वर्णन आजवर कोणी केलेलं नाही. नवे शॉकअप खोक्यातच आहेत. आई त्यावर बसून वाती वळते.

आठ दिवसांनी अक्काला सोडायला निघालो. तो खड्डा आला, गेला. अक्काला पत्ताही लागला नाही. ती पेंगत होती. मानवत जवळ आल्यावर जागी झाली.

"कशी काय वाटली गाडी?" मी विचारलं.

"चांगली हाय. पुढच्या वर्साला न्यायला ये." मग पिशवी मांडीवर घेत म्हणाली, "पण आता मी उपास दोन धरणार हाय. एक भावासाठी, आन् एक त्याच्या हाती पाना लागू नये म्हणून. तुला खरा दुसऱ्याचाच उपयोग व्हईल."