एक्सपायर

गोळ्यांचं पाकीट उलटं करून तारीख पाहिली, की मला गोंदियाच्या दवाखान्यातला तो लांब व्हरांडा आठवतो. मी तेव्हा बारावीत होते, आणि बाबांना केशोरीहून तिथे हलवून चार दिवस झाले होते. फिनाइलच्या वासात पलीकडच्या राईस मिलमधल्या उकडलेल्या धानाचा वास मिसळला होता. आई मांडीवर औषधांची पिशवी घेऊन बाकावर बसली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण 'एक्सपायर' हा शब्द मीच तिला शिकवला होता. तारीख उलटली की गोळी एक्सपायर होते, मग ती द्यायची नाही, दुकानातून बदलून आणायची. भर दुपारी नर्स बाहेर आली आणि आईपुढे थांबून हळू आवाजात म्हणाली, "माँजी, वो एक्सपायर हो गये." आईने लगबगीने पिशवी उघडली. "कोनती जी? बदलून आनू का?" म्हणत ती एकेक पाकीट उजेडात धरून पाहू लागली. नर्स माझ्याकडे बघत राहिली. मी आईचा हात धरला आणि म्हटलं, "गोळी नाही, आई. बाबा." तिने सगळी पाकिटं पुन्हा नीट पिशवीत भरली, पिशवीला गाठ मारली, आणि मगच ती रडली. आता तिच्या बीपीच्या गोळ्या मी आणते. तो शब्द तिने पुन्हा कधी उच्चारला नाही. जुनं पाकीट सापडलं की माझ्या हातात देते आणि विचारते, "ही मेली का, पाह्य बरं."