स्टोअरकीपर, फक्त कार्डावर

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी मस्कतमध्ये आमची सेमीफायनल होती... आणि ती माझ्यामुळे गेली. टीममधलं कोणी तोंडावर बोललं नाही, म्हणून मीच इथे लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी हॉकी खेळतो, फुलबॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढे सगळ्यात मागे उभा राहणारा. वय एकोणचाळीस. अकरा वर्षांपूर्वी इथल्या एका कंपनीने टीमसाठी मला खडकीहून उचललं.

इथे असंच चालतं... कंपनीची टीम असते, पण खेळाडूला व्हिसा मिळतो तो कुठल्यातरी कामाचा. माझ्या इथल्या लेबर कार्डावर 'स्टोअरकीपर' लिहिलंय. सकाळी गोडाऊनला जायचं, सही करायची, चहा प्यायचा आणि बारा वाजता किट उचलून प्रॅक्टिसला पळायचं.

या सीझनला पाय ऐकत नाहीत. समोरचा फॉरवर्ड बाजूने निघून जातो आणि मी वळेपर्यंत तो गोलसमोरच्या डीमध्ये पोचलेला असतो. गुडघ्याला पट्टी, कमरेला पट्टी... बायको म्हणते, पार्सल दिसतोस. इथे रुवी भागातल्या आमच्या बिल्डिंगचा जिना चढताना कठडा धरावा लागतो, हे मात्र तिला सांगितलेलं नाही. आता ती वाचेलच म्हणा.

मॅचआधी कोचने मला बाजूला घेतलं. पेनल्टी कॉर्नरला गोलकीपर धरून पाचच जण गोल वाचवायला असतात. त्यातला एक बॉल मारणाऱ्याच्या अंगावर सरळ धावून जातो, आणि ते काम अकरा वर्षं माझं. त्यापायी मांडीवर, पोटावर, हातावर किती बॉल खाल्लेत ते विचारू नका.

कोच म्हणाला, आज सालिम धावेल, तू गोलपोस्टजवळ उभा राहा. सालिम चोवीस वर्षांचा ओमानी, त्याला दम लागतो असं अजून कोणी पाहिलेलं नाही. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

शेवटची तीन मिनिटं, स्कोअर एक-एक... आणि त्यांना कॉर्नर मिळाला. बॉल आत आला आणि मी धावलो. का धावलो ते मला अजून सांगता येत नाही, सवयीने पाय निघाले एवढंच. सालिम आणि मी दोघं शेजारी शेजारी धावतोय, आणि मागे माझी पोस्ट मोकळी. त्यांनी बॉल बरोब्बर तिथेच टाकला.

मुलगी बघायला आली होती, दहावीत आहे. गाडीत म्हणाली, "इट्स ओके बाबा, जस्ट अ गेम आहे." मी हो म्हटलं. तिचा व्हिसा माझ्या व्हिसावर, माझा व्हिसा या गेमवर... हे तिला कशाला सांगायचं?

माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय. रिन्यू झालं नाही, तर तिची बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना गाशा गुंडाळायचा. आणि खडकीला जाऊन मी करणार काय? हॉकी सोडून मला काही येत नाही. नम्रपणा म्हणून नाही सांगत, खरंच येत नाही.

रविवारी मॅनेजरने बोलावलं. ओमानी माणूस, शांत. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "हॉकी खलास, माय फ्रेंड. स्टोअर में रख सकता... स्टोअर का काम आता है?" मी "आता है" म्हणून टाकलं. त्याने "इन्शाल्ला, देखेगा" म्हटलं आणि फाइल बंद केली.

तिथून सरळ गोडाऊनला गेलो आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा पाच वाजेपर्यंत थांबलो. पाइप, पाइप वळवायचे एल्बो, व्हॉल्व्ह... कुठल्या रॅकवर काय आहे, मला पत्ता नाही. दोनला एक ट्रक आला, साडेतीनला दुसरा. दोन्ही ट्रकचा माल इक्बालभाईंनी एकट्याने तपासून, उतरवून घेतला. मी मध्ये मध्ये लुडबुडत होतो.

इक्बालभाई (नाव बदललंय, का ते कळेल) दाभोळकडचे, वय पंचावन्नच्या पुढे. मी समजत होतो की माझी जागा नुसती कागदावर आहे, तिथे काम असं काही नसतंच. होतं की! स्टोअरला दोन माणसं होती, त्यातला दुसरा मी. माझ्या वाटचं सगळं काम अकरा वर्षं तेच करत होते... आणि मी रोज त्यांच्या समोरून किट खांद्याला लावून "चलतो भाई" म्हणत निघत होतो.

मला लाज वाटली. शुक्रवारी वाटली त्याहून जास्त. विचारलं, कधी बोलला का नाहीत? तर म्हणाले, "अरे तू खेळायला जायचास, मग ट्रक काय उन्हात उभे ठेवायचे?"

मग निघता निघता त्यांनी सांगितलं... मॅनेजरने मला बोलावण्याआधी त्यांना फोन केला होता. याला स्टोअरचं काही येतं का, म्हणून.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"बोललो, सगळं येतं त्याला. अकरा वर्षं माझ्याबरोबर आहे." चष्मा पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला. "साहेबाशी कधी खोटं बोललो नव्हतो मी. उद्या सातला ये. आता मला खोटा पाडू नकोस."

आज चौथा दिवस. एल्बो कुठे आणि व्हॉल्व्ह कुठे एवढं कळायला लागलंय, बाकीचं डोंगराएवढं आहे. कॉन्ट्रॅक्टचं अजून काही कळलेलं नाही, आणि मला फारशी आशाही वाटत नाही. हॉकी संपल्याचं दुःख आहेच... त्याला औषध नाही.

मैदानात पोरं मला म्हणायची, तू मागे आहेस म्हणून टेन्शन नाही. माझ्या मागे कोण उभं होतं, हे बघायला मी कधी वळलोच नाही, इक्बालभाई.