दात कुणावर खाता?

माझी धाकटी बहीण तीस वर्षं लोकांचे कपडे दुरुस्त करून देते. पुढचे चार दात झिजून इतके बुटके झाले होते, की हसताना तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. फोटोत तर ती तोंड मिटूनच. शेवटी दातांवर व्हीनिअर, म्हणजे चिनी मातीची पातळ आवरणं, बसवून घ्यायचं तिनं ठरवलं. मेहुणे आणि मी सोबत गेलो.

डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं. "ताई, दात खाता का?"

"कुणावर?" बहीण म्हणाली. "मी कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"झोपेत हो!"

"मला काय ठाऊक? मी झोपलेली असते."

"मला ठाऊक आहे," मेहुणे म्हणाले. "रोज जातं चालतं."

"तुमच्या घोरण्यात ऐकू येतं म्हणजे कमाल आहे!"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण बधल्या नाहीत. आत्ता व्हीनिअर बसवले तर दात खाऊन ते फुटतील. आधी तीन महिने झोपताना दातांवर प्लॅस्टिकची पट्टी बसवायची, आणि धागा दातांनी तोडणं बंद. दातावरची खाच त्यांना दिसली होती.

"एवढीशी पोरगी, मला शिकवते!" स्वतःच्या दुकानात येईपर्यंत बहीण धुसफुसत होती.

तिथं एक बाई कोट घेऊन थांबल्या होत्या. "कडेला फक्त नवी लेस लावा."

बहिणीनं कोट उलटा केला. "शिवण ताणतेय. आधी ती धरते, मग लेस. नाहीतर आठवड्यात उसवेल." एवढं बोलून ती थबकली, माझ्याकडे वळली. "दादा, एक अक्षर बोलू नकोस."

धागा कापायला हाताशी असावी म्हणून तिनं कात्री नाडीनं मशीनला बांधली.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पट्टी उजेडात धरली. ओरखडेच ओरखडे. "हे सगळं व्हीनिअरवर आलं असतं."

चारही बसवून झाल्यावर बहिणीनं जबडा हलवून पाहिला. "उजवीकडचा सूतभर जास्त आहे."

रंगीत कागद चावायला देऊन पाहिलं, तर खरंच होता. तेवढा घासून झाला.

"पट्टी मात्र कायम वापरायची, ताई."

"अस्तर का कुणी काढून ठेवतं?"

दुसऱ्या दिवशी दुकानात मेहुणे म्हणाले, "जातं बंद झालं, आता मलाच झोप येईना." बहीण खळखळून हसली. सवयीनं हात वर गेला, अर्ध्यावर थांबला, आणि तिनं कात्री उचलून धागा कापला.