एलरे डुगासची पुंगळ्यांची खोड

एलरे डुगासला चौऱ्याहत्तरावं सरलं होतं. गुडघे कुरकुरायचे, डाव्या कानानं कमी ऐकू यायचं आणि डॉक्टरनं तळलेलं बंद केलं होतं. यातल्या एकाही गोष्टीचं त्याला दुःख नव्हतं, कारण तळलेलं तो खातच होता. त्याला सलत होतं ते शर्मनचं घड्याळ.

शेरीफच्या खात्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाला शर्टाखाली पिस्तूल लपवून हिंडायचा परवाना मिळतो, मग तो कुठल्या का राज्यात जाईना. पण हा परवाना दरवर्षी नव्यानं कमवावा लागतो. ऑक्टोबरातल्या एका सकाळी खात्याच्या मैदानावर जायचं, कागदी पुतळ्यावर साठ गोळ्या झाडायच्या. त्यातल्या निदान अठ्ठेचाळीस पुतळ्यावर आखलेल्या रेषेच्या आत लागल्या पाहिजेत, आणि त्याही ठरलेल्या वेळात. लागल्या तर कार्डावर सही होते. नाही लागल्या तर जेवणाआधी आणखी एक संधी, आणि तीही गेली तर पिस्तूल वर्षभर कपाटात.

गेली अकरा वर्षं ही परीक्षा त्याचा जुना जोडीदार शर्मन पेल्तिए घेत होता. आणि गेल्या वर्षी एलरेच्या एक गोष्ट लक्षात आली. त्याची शेवटची गोळी सुटली, की त्याच क्षणी शर्मन "वेळ संपली" म्हणायचा. एकदा नाही, दरवेळी. बाकीच्यांच्या वेळी घड्याळ धावायचं, एलरेच्या वेळी बिचारं वाट बघत उभं राहायचं. गोळ्या मोजून झाल्या की शर्मन कागद टरकन फाडायचा आणि गुंडाळी करून टाकायचा.

तेव्हापासून त्या कार्डानं एलरेला चैन पडू दिलं नाही. आपल्याला अजून जमतं की सगळे मिळून म्हाताऱ्याचं मन राखतायत, हे त्याला कळेना. बायकोला, व्हर्लीला, त्यानं हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, कार्ड मिळालं ना, मग गप बस. असल्या बाबतीत गप बसणं एलरेला कधी जमलं नव्हतं.

यंदा शर्मन स्वतःच निवृत्त झाला आणि परीक्षा घ्यायला आली सार्जंट मोनीक एबेर. तिला बंदूक धरायला एलरेनंच शिकवलं होतं, बावीस वर्षांपूर्वी. हसणं तिला महागात पडत असावं असा चेहरा. शर्मननं बातमी आणली, की ती दोन घड्याळं घेऊन येते, एक बिघडलं तर असू दे म्हणून. एलरे त्या दिवशी घरी शीळ घालत गेला.

मैदानावर त्या सकाळी अर्धी जत्राच होती. भाताच्या कापलेल्या शेतांवरून गार वारा येत होता. एका मोठ्या पातेल्यात बुदँ शिजत होतं, म्हणजे भात आणि डुकराचं मांस आतड्यात भरून केलेलं ते लांबडं, आणि पातेल्यापाशी व्हर्ली कुणाला झाकणाला हात लावू देत नव्हती. बारा निवृत्त गडी कॉफी पीत एकमेकांच्या ढेऱ्यांची चौकशी करत होते. या ढेरीखाली पिस्तूल लपवायला परवाना कशाला, ते तसंही दिसत नाही, असं कुणीतरी शर्मनला म्हणालं.

एलरेची पाळी आली. नव्या लोकांकडं भराभर भरायची पिस्तुलं होती. एलरेकडं त्याचं जुनं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर. पहिल्या फेऱ्या झकास गेल्या. शेवटच्या फेरीत सहा झाडायच्या, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या काढून पुन्हा सहा भरायच्या आणि त्याही झाडायच्या, सगळं मिळून पंचवीस सेकंदांत. एलरेनं सहा झाडल्या, पुंगळ्या तळहातावर पाडल्या आणि त्या नीट पँटच्या खिशात ठेवल्या. मग खिसा चाचपलाही. मग नव्या गोळ्या भरायला घेतल्या.

ही खोड त्याला रंगरूट असताना लागली होती. त्या वेळच्या कॅप्टनला मैदानावर पुंगळी पडलेली दिसली, की ज्याची असेल त्यानं कॅप्टनची गाडी धुवायची. एलरेनं ती गाडी नऊ वेळा धुतली होती. कॅप्टन जाऊन तीस वर्षं झाली, पण हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"वेळ संपली," मोनीक म्हणाली. रिव्हॉल्वरमध्ये चार गोळ्या शिल्लक होत्या.

तिनं कागदावरची भोकं पेन्सिलीनं एकेक करून मोजली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "डुगास, पंचेचाळीस. नापास."

कॉफीचे कप होते तिथं थांबले. शर्मन जमिनीकडं बघायला लागला. आणि एलरे डुगास हसायला लागला. मनापासून, खांदे हलवून. याच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असं वाटून व्हर्ली झाकण सोडून धावत आली.

"तिनं मला नापास केलं," एलरे म्हणाला. "व्हर्ली, अगं, तिनं मला खरंच नापास केलं."

"यात हसण्यासारखं काय आहे? कार्ड जाईल तुझं."

"जाऊ दे. निदान खरंखुरं जाईल. आणि मिळालं तर तेही खरंखुरंच."

चौपन्न वर्षांच्या संसारात व्हर्लीला त्याच्या निम्म्या गोष्टी कळल्या नव्हत्या, पण ही कळली. ती गाडीकडं गेली, राखाडी चिकटपट्टीचं बंडल घेऊन आली आणि तिनं सगळ्यांसमोर नवऱ्याच्या पँटचे दोन्ही खिसे बंद करून टाकले. मागचेही. गडी लोकांनी शिट्ट्या मारल्या. शर्मननं मोनीकला विचारलं, हे नियमात बसतं का. नियमात खिशांबद्दल काही लिहिलेलं नाही, असं ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला एलरेनं शेवटच्या फेरीत सहा झाडल्या आणि हात सवयीनं खिशाकडं गेला. पट्टीवर आपटला. पुंगळ्या खळकन जमिनीवर सांडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण पुंगळ्या सांडल्या, या विचारानं त्याला असं मोकळं वाटलं, की पुढच्या सहा कशा भरल्या हे त्याला कळलंसुद्धा नाही. शेवटची गोळी सुटली. मोनीक काही बोलली नाही. तो रिव्हॉल्वर खाली करून उभा राहिला, आणि मग दोन सेकंदांनी तिनं वेळ संपल्याचं सांगितलं. ती दोन सेकंदं त्याची स्वतःची होती.

"एक्कावन्न," ती म्हणाली. "पास."

एलरेनं कागद मागितला. शर्मननं अकरा वर्षांत तो कधी हाती लागू दिला नव्हता. एलरेनं चष्मा चढवला, बोटानं एकेक भोक मोजलं आणि खांद्यापाशी थांबला.

"हे बाहेर आहे."

"रेषेला शिवलंय, मिस्टर एलरे. आत धरतात."

"माझ्या वेळी धरत नव्हते."

"ठाऊक आहे," मोनीक म्हणाली. "माझं अठ्ठेचाळिसावं भोक असंच रेषेला शिवलं होतं. तुम्ही मला सत्तेचाळीसवर नापास केलंत. गाडीत बसून तासभर रडले मी."

एलरेला ते आठवत नव्हतं. इतक्या पोरापोरींना त्यानं नापास केलं होतं. त्याला फार वाईट वाटलं आणि तसं तो म्हणालाही.

"वाईट वाटून घेऊ नका. त्या दिवसानंतर मी पास झाले, की मला कळायचं मी पास झालेय."

तिनं पेन काढलं, एक्कावन्न खोडलं, पन्नास लिहिलं आणि खाली सही केली. एलरेनं कार्ड घेतलं, भोकांचा कागदही काखेत मारला. डोळे पुसायला रुमाल काढावा म्हटलं तर खिसे बंद. त्यानं बाहीनंच काम भागवलं आणि पातेल्याकडं निघाला. व्हर्लीनं लांबूनच विचारलं, किती.

"पन्नास," तो म्हणाला. "तूही ये मोजायला."