दोन माणसांची मीटिंग

बोंडअळीच्या वर्षातली गोष्ट. गुरुवार होता, आणि मी पांढरकवड्याच्या बसस्टँडवर उतरून एक पत्ता शोधत होतो… जो मोठ्यानं विचारायची सोय नव्हती.

माझं मुकुटबनला फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्या वर्षी अळीनं कापूस पोखरला आणि गावात जो तो दुःखानं प्यायला लागला. माझ्या नावावर एक गुंठाही शेत नाही, पण दुःखात सामील व्हायला मी रोज सगळ्यांच्या आधी हजर असायचो.

मग हात थरथरायला लागले. एक वॉशर बसवायला अर्धा तास. बायको, सुनंदा, गिऱ्हाइकांना सांगायची की यांच्या हाताला लागलंय, मुरगळलाय, मुंग्या येतात… एक दिवस शांतपणे म्हणाली, "मले आता नवीन खोटं सुचून नाही राह्यलं." भांडली असती तर परवडलं असतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की पांढरकवड्याला दर गुरुवारी चार वाजता दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते. पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात ठेवली आणि सुनंदानं तो शर्ट धुतला.

तर बसस्टँडवर मी एका पानठेलेवाल्याला हळूच विचारलं, दारूवाल्यांची मीटिंग कुठं असते. त्यानं फार आपुलकीनं सांगितलं… मागची गल्ली, वरचा मजला, एसी आहे.

मग ऑटो केला. ड्रायव्हरच्या कानाशी जाऊन म्हटलं, दारू सोडायचं ठिकाण. इंजिनच्या आवाजात त्याला दारू आणि सोडा एवढंच ऐकू आलं असावं, कारण त्यानं मला बरोबर एका बारच्या दारात उतरवलं.

आता आलोच आहे तर… असा विचार मनात आला, खोटं कशाला सांगू. पण काउंटरवरच्या मॅनेजरनं विचारलं काय पाहिजे, आणि माझ्या तोंडून मीटिंग हाच शब्द निघाला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बिलाच्या कागदामागं नकाशा काढून दिला. म्हणाला, "शाळेच्या मागची खोली. आमचे तीन पक्के गिऱ्हाईक तिकडंच गेले."

खोलीत अकरा खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या आणि एक माणूस बसला होता. मारोतराव. पूर्वी नागपूर-हैदराबाद रोडवर ट्रक चालवायचे. (नाव बदललंय, आणि हे त्यांना विचारूनच लिहितोय.) मी विचारलं, बाकीचे कधी येतील? ते म्हणाले की एकाची बदली झाली, एक परत प्यायला लागला, आता आपण दोघं… म्हणजे कोरम झाला.

मला वाटलं, दोघंच तर आहोत, गप्पा मारू. नाही. मारोतराव उभे राहिले, "माझं नाव मारोती, मी दारुडा आहे," म्हणाले आणि मी नमस्कार करेपर्यंत उभेच राहिले. दर गुरुवारी हेच. ट्रक उलटल्याची त्यांची एकच गोष्ट होती. पहिल्या आठवड्यात ट्रक नालीत पडला, दुसऱ्यात नाल्यात, आणि होळीपर्यंत तो पैनगंगेत पोचला. मी टोकलं की म्हणायचे, मीटिंगमध्ये मध्ये बोलायचं नाही.

चहा ठेवावा असा ठराव मी मांडला होता. एक मत बाजूनं, एक विरोधात… तीन आठवडे निर्णय लागला नाही.

मग उन्हाळ्यात धाकट्या मेहुण्याचं लग्न आलं. नेमका गुरुवार. जेवणं झाली, मांडवामागं मंडळी बसली आणि कुणीतरी माझ्या हातात ग्लास दिला. चार महिने कोरडा होतो. आजच्या दिवस काय होते, असं सगळे म्हणत होते. मलाही ते पटत होतं.

घड्याळात पाहिलं तर तीन वाजत आले होते. एकदम डोळ्यांपुढं मारोतराव दिसले. रिकाम्या खुर्च्यांना आपलं नाव सांगताना… मी ग्लास खाली ठेवला आणि रस्त्यावर येऊन मिळेल त्या जीपमध्ये चढलो.

पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. केसांत अक्षता, अंगात नवा सदरा. ते बसलेलेच होते. मी सगळं सांगितलं, ग्लासाचंही. म्हटलं, तुम्ही एकटे बसाल म्हणून आलो, नाहीतर आज गेलोच होतो.

मारोतरावांनी एक खुर्ची माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "मले तं कधीच कंटाळा आल्ता. पण तुमी इतक्या दुरून येता. खोली बंद दिसली तं हा माणूस सरळ बारमंदी जाईन, म्हणून मी येऊन राह्यलो."

आम्ही दोघंही इतकं हसलो की शाळेचा शिपाई डोकावून गेला. दारूची मीटिंग आहे हे त्याला माहीत होतं… त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

दारू कशी सोडली, असं आजही लोक विचारतात. मनाचा निर्धार वगैरे माझ्याकडे कधीच नव्हता हो… एका माणसानं एकटं बसू नये, एवढंच मला दर गुरुवारी वाटत गेलं.