दाग्नीच्या तळमजल्याची ऊब

ओटची पेज शेगडीवर रटरटत होती, आमचे हे चष्मा शोधत घरभर फिरत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. दाराला घंटा असताना थाप मारणारी आमच्या चढणीवर एकच बाई आहे. समोरची दाग्नी.

"चल गं जरा माझ्याबरोबर," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "सिक्स्टेन प्लंबर आलाय रेडिएटर बघायला. तो बोलतो तोंडातल्या तोंडात, आणि माझा डावा कान गेलेला. काय म्हणतो ते ऐकून मला नीट सांग. आज निकाल लावायचाय."

"अगं, पेज उकळतेय."

"नवऱ्याला ढवळता येत नाही?"

येत नाही, पण मी अंगात कोट अडकवला आणि निघाले. निकाल म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

त्यांचं घर उतारावर आहे. वरचे दोन मजले धाकट्या बहिणीचे, मायवोरचे. खालचा, अर्धा जमिनीत रुतलेला आणि अर्धा बागेकडे उघडणारा, दाग्नीचा. आई गेल्यावर वाटणी झाली तेव्हा तो तिने स्वतःहून मागून घेतला, कारण तिचा ओक लाकडाचा माग जिन्याने वर चढलाच नसता. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेली बाई. आमच्या अर्ध्या हेर्नोसांद गावाने गुरुवारी तिच्या हातचं वाटाण्याचं सूप खाल्लंय. निवृत्त झाली आणि मागावर बसली. माझ्या स्वयंपाकघरातली चिंध्यांची सतरंजी तिनेच विणलेली. माझे निळे पडदे आणि मुलांचे जुने पायजमे तिच्यात अजून ओळखू येतात.

पण गेले काही हिवाळे खाली बसवत नव्हतं. बॉयलरच्या खोलीलगत ठीक, पण मागाच्या कोपऱ्यात बोटं इतकी आखडायची की धोटा हातातून निसटायचा. दर शरद ऋतूत सिक्स्टेन येई आणि वरच्या खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरचं पाणी जरा आवळून ठेवी, म्हणजे सगळं गरम पाणी वर न पळता खालीही सारखं पोचावं. आठवडाभर खाली छान ऊब असे. मग पुन्हा गारठा. "तळघर ते तळघरच गं," असं मायवोर म्हणे. वृद्धांसाठीच्या एका खोलीच्या फ्लॅटची चौकशीही तिनेच केली होती. तिथे माग मावणार नव्हता. सिक्स्टेनला एकदा शेवटचं बघू दे, नाहीच जमलं तर फ्लॅट घेते आणि माग देऊन टाकते, असं दाग्नीने तिला कबूल केलं होतं.

आम्ही वर गेलो तेव्हा मायवोर कॉफी ओतत होती. सिक्स्टेनने बैठकीतल्या रेडिएटरचं बटण उपसून काढलं, आत पाहिलं आणि पुढच्या खोलीत गेला. मग त्याच्या पुढच्या. परत आला तो कान लाल करून.

"बटणाखाली पाणी आवळायची आकड्यांची कडी असते," तो म्हणाला. "मी ती दोनवर लावून गेलो होतो. आता पूर्ण उघडी आहे. सगळ्याच खोल्यांत."

"नातवंडं खेळली असतील बटणाशी," मायवोर म्हणाली.

"बटण फिरवल्याने कडी हलत नाही. बटण काढून किल्ली लावावी लागते."

मला काही सांगावं लागलं नाही. दाग्नीला सगळं ऐकू आलं होतं.

"दर वर्षी?" तिने विचारलं.

मायवोरने किटली खाली ठेवली. "आम्हाला वर गार वाटायचं गं. ह्यांची कंबर धरते. तू आपली जाकीट घालून बसायचीस. मला वाटलं, तुला चालतं."

"चालतं असं मी कधी म्हटलं?"

"तक्रारही कधी केली नाहीस."

"केली की! तुझ्याकडेच केली, इथेच बसून. तू मला लोकरीचे मोजे विणून दिलेस."

सिक्स्टेनने पेटी उचलली. "मी नंतर येऊ का?"

"आत्ताच लाव. सगळ्या दोनवर."

तो किल्ली घेऊन कामाला लागला. मायवोरचे डोळे भरून आले. "फ्लॅटचं मी खरंच तुझ्या भल्यासाठी बघत होते. तुझे गुडघे..."

"गुडघे कशाने धरले, ते आता कळलं. फ्लॅटला मी नाही म्हणून कळवणार आहे."

"रागावलीस?"

"हो."

दाग्नी उठली. भरलेला कप तसाच टेबलावर राहिला. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो हळूच सोडवून घेतला. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली. एरवी ती बहिणीला लाडाने मायसान म्हणते. त्या सकाळी तिने पूर्ण नाव घेतलं.

"मायवोर, तुला वर गार वाटलं, तर खाली येऊन मला सांग. एवढंच कर."