कॅसेटवरचा आवाज

लग्नानंतर मी इंग्लंडला निघाले त्या सकाळी देवळाच्या भोंग्यावर तीच कॅसेट लागली होती. जीपमध्ये बॅगा चढवताना शेजारच्या अक्का म्हणाल्या, "ऐकी ले व माय, भाऊना आवाज. तठे कोठे ऐकाले भेटी?" आबा, माझे वडील, भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तो आवाज माझ्या थोरल्या भावाचा नव्हता, माझा होता. आबा, भाऊ आणि मी, आम्हा तिघांनाच ते ठाऊक.

भडगावजवळ, गिरणाकाठी आमचं गाव. आबांच्या बाल भजनी मंडळात फक्त मुलगे. मी आतल्या खोलीत बसून ऐकायची, तेवढ्यावर सगळं पाठ. जळगावला भाऊच्या भजनांची कॅसेट भरायचं गावभर सांगून झालं आणि त्याच आठवड्यात भाऊचा आवाज फुटला. आबांची चांगलीच पंचाईत झाली. मग आईला "कापड घ्यायला जातो" म्हणून ते आम्हा दोघांना घेऊन गेले. साथीला तिथलेच वादक होते. मला तेव्हा अकरावं वर्ष होतं. मी गायले, कव्हरवर फोटो भाऊचा.

"पुढल्या कॅसेटवर तुनं नाव टाकसू," आबा म्हणाले. पुढली कॅसेट निघालीच नाही. मुलग्यांचा आवाज फुटतोच, त्यामुळे भाऊ पुन्हा तसं का गात नाही, हेही कोणी विचारलं नाही.

आता मी इंग्लंडात नर्स आहे. शिफ्ट संपली की कधीकधी इथल्या कॅथेड्रलमध्ये जाऊन बसते. पांढरे झगे घातलेले दहा-बारा वर्षांचे मुलगे जुनी लॅटिन स्तोत्रं गातात. शब्द कळत नाहीत, पण अंगावर काटा येतो. वर्षा-दोन वर्षांत हा आवाज जाणार, म्हणूनच लोक इतका जीव टाकतात बहुतेक. मंगळवारी मुली गातात. तितक्याच छान गातात, पण बाकं अर्धी रिकामी असतात. "हा निर्मळपणा मुलग्यांच्याच गळ्यात," शेजारी बसलेल्या बाई एकदा मला समजावत होत्या. मी नुसती मान हलवली आणि घरी येऊन स्वतःवरच चिडले.

गेल्या महिन्यात फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ आला. त्या कॅसेटसाठी गावाने भाऊचा सत्कार केला होता. शाल, नारळ, आणि भाऊ चक्क हात जोडून उभा. मी आबांना फोन लावला.

"आबा, हाऊ आवाज कोना शे?"

"आते काय करनं शे त्याचं? तुले तठे काय कमी शे?"

मी ग्रुपवर लिहिलं, तो आवाज माझा आहे. सगळ्यांनी वाचलं. कोणी एक अक्षर लिहिलं नाही. म्हणून हे इथे पुन्हा लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "माले तवयच माहीत व्हतं, माय. कापड तं तुम्ही आणंच नही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तं जानारी व्हतीस. पोऱ्या आठेच ऱ्हानारा व्हता."

ती हे अगदी मायेने म्हणाली, तेच जास्त लागलं. आबांनी फसवलं, हे मी कधीच गिळून टाकलं होतं. आईचं नाही गिळता येत.

इथे लोक विचारतात, घर कधी सोडलंस? लग्नानंतर, असं सांगायचे. आता सांगते, अकराव्या वर्षी.